काकाजींची इस्टेट

नागपूरजवळच्या मिहानच्या आजूबाजूच्या गावांत ‘इस्टेट’ हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. उच्चारला की पुढचा प्रश्न ठरलेला: वाटण्या झाल्या का? त्यामुळे २०२५ च्या उन्हाळ्यात चुलतभावाचा फोन आला आणि तो म्हणाला, “बाबांच्या इस्टेटीचं आता काहीतरी करून टाकू,” तेव्हा समोर भाजी निवडत बसलेल्या माझ्या बायकोचा हात थांबला. दादा गाडीबद्दल बोलत होता, हे तिला पटायला दोन दिवस लागले.

जमीन गेली होतीच. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि नागपूरच्या दक्षिणेला वर्धा रोडलगत मिहान प्रकल्पाची आखणी सुरू झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ही नावं तोवर फक्त सातबाऱ्यावर आणि लग्नपत्रिकांवर दिसायची. मग ती रोज पेपरात यायला लागली. दादाच्या वडिलांचं, म्हणजे काकाजींचं, शेत संपादनात गेलं. राहिलं ते घर, घरामागचं आवार, त्यातली विहीर, टिनाच्या छपराचा गोठा आणि गोठ्यात उभी असलेली टाटा इस्टेट. गाई विकल्यानंतर २००८ मध्ये काकाजींनी गाडी आत घातली, ती सतरा वर्षं तिथंच.

नव्या वाचकांसाठी थोडं थांबायला हवं, कारण ही गाडी रस्त्यावर पाहिलेली माणसं आता चाळिशीच्या पुढं गेली. तेव्हा टेल्को म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनं इस्टेट १९९२ मध्ये बाजारात आणली. त्याआधी वर्षभर सिएरा आली होती, तिच्याही आधी टेल्कोलाइन आणि टाटामोबाइल हे पिकअप. या सगळ्या एकाच घरच्या पोरी. इस्टेटचं तोंड सिएराचं, हाडं पिकअपची आणि मागची लांबलचक काच थेट मर्सिडीझच्या वॅगनची आठवण करून देणारी. काचा बटणावर खाली-वर व्हायच्या. तेव्हाच्या नागपुरात ही गोष्ट एवढी अपूर्व होती की लग्नाला आलेले पाहुणे गाडीत बसून फक्त काचच खाली-वर करत राहायचे. शेवटी काकाजींनी मागच्या दारांची बटणं बंद करून टाकली.

स्टेशन वॅगन हा प्रकारच मुळात रेल्वेच्या पोटातून आलेला. अमेरिकेत गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्टेशनवरून उतारू आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलापर्यंत नेण्यासाठी मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी खोकं बसवून गाड्या बनू लागल्या, त्यावरून ते नाव. इंग्रज तिला इस्टेट म्हणाले, कारण त्यांच्याकडे ती जहागिरीवरच्या बंगल्यात सामान आणि कुत्री वाहायची. टेल्कोनं इंग्रजांचं नाव उचललं. ज्या कंपनीनं आपल्या सुरुवातीच्या काळात जमशेदपुरात रेल्वेची वाफेची इंजिनं बनवली, तिला स्टेशनचं नाव जास्त शोभलं असतं, असं मला आपलं वाटतं.

आपल्याकडे ती चालली नाही. मागं लांब शेपूट असलेली मोटार आपल्या लोकांना एकाच कामाची माहीत होती. अ‍ॅम्बॅसॅडरची तशी गाडी दवाखान्यापुढं उभी असायची, पांढरी, वर लाल दिवा. काकाजींनी इस्टेट घरी आणली तेव्हा शेजारच्या आजीनं पहिला प्रश्न विचारला: “कोण आजारी हाय?” पण खरा घाव घातला तो तिच्याच धाकट्या भावंडानं. १९९४ मध्ये सुमो आली, जवळपास त्याच इंजिनावर, आणि तिच्यात दहा माणसं बसायची. दहा माणसं नेणारी गाडी दारात असताना पाच माणसं आणि भरपूर सामान नेणारी गाडी कोण घेणार? आपण सामान डोक्यावर नेतो, मांडीवर घेतो, टपावर बांधतो, पण माणूस मागं ठेवत नाही. २००० च्या आसपास इस्टेट बंद झाली. माझ्या मते ती वाईट गाडी नव्हती. ती अशा कुटुंबासाठी बनवली होती, जे तेव्हा आपल्याकडे नव्हतं.

काकाजींनी मात्र ती खऱ्या अर्थानं वापरली. १९९६ चं मॉडेल, एमएच-३१ ची पाटी. मागची सीट पाडून सरकीच्या ढेपेची पोती, कळमन्याच्या बाजारात जाताना संत्र्याच्या पेट्या, दिवाळीत आम्ही सात चुलतभावंडं. माझी जागा पोत्यांच्या बाजूला, मागच्या काचेला नाक लावून. ढेपेचा तो गोडसर वास दार उघडताच पुन्हा आला. सतरा वर्षांनी.

वास सोडला तर बाकीचं सगळं बिघडलेलं होतं. चारही टायर रिमवर बसलेले. डॅशबोर्डला उभ्या भेगा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात टिनाखाली प्लास्टिकचं आणखी काय होणार? सीटचा फोम चिमटीत धरला की पीठ. बोनेट उघडलं तर एअर फिल्टरमध्ये उंदराचा संसार, वायरिंगची अर्धी वेणी खाल्लेली, आणि सायलेन्सरच्या तोंडाला कुंभारीण माशीनं चिखलाचं पक्कं बूच मारलेलं. दादानं लगेच मोबाइलवर भंगारवाल्याचा नंबर शोधायला घेतला. मोडीच्या धोरणाचा पुरस्कार करणाऱ्या गडकरींच्या नागपुरात जुनी गाडी मोडीत काढायला सल्ला देणाऱ्यांची कमतरता नाही.

पण पत्र्याला हात लावून पाहिला तर तो शाबूत. मुंबईला किंवा रत्नागिरीला ही गाडी एवढी वर्षं उभी राहिली असती तर दाराखालचा पत्रा बोटानं पोखरता आला असता. विदर्भाचा उन्हाळा रबराचा आणि प्लास्टिकचा जीव घेतो, लोखंडाचा नाही. वर्षातले आठ महिने हवा इतकी कोरडी असते की गंजाला पाय रोवायला पावसाळाच काय तो मिळतो, आणि टिनाचं छप्पर गळकं नव्हतं.

मिस्त्री वाडीहून आणला. अमरावती रोडवरच्या या वाडीत ट्रकांची आणि गोदामांची एवढी दाटी आहे की तिथल्या गॅरेजांत डिझेल इंजिनावर न बसलेला हात शोधावा लागेल. हे गृहस्थ साठीचे, सुमो आणि टाटा २०७ पिकअपवर वाढलेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटकडं पाहिलंही नाही, आणि मागचं चाक पायानं हलवलं.

“हँडब्रेक ओढेल होता का?”

उत्तर ओसरीतल्या खाटेवरून आलं. काकाजी पंच्याऐंशीला आले आहेत, ऐकू कमी येतं, पण हे ऐकू आलं. “नाई. गेरमधी ठेवली हाय. खाली गोटे लावले होते, पाहाय.” खरंच, गवत बाजूला केलं तर चारही चाकांखाली विहिरीच्या बांधकामातले दगड निघाले. मिस्त्रींनी पहिल्यांदा हसून मान हलवली. गाडी वर्षानुवर्षं उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवला तर मागच्या ड्रमला ब्रेकची शू चिकटते, ती सोडवताना ड्रमच फुटायची वेळ येते. काकाजींनी तो त्रास वाचवला होता. टाकीत अर्धं डिझेल ठेवून दुसरा मात्र करून ठेवला होता.

दादाला किल्ली फिरवायची घाई होती. नवी बॅटरी त्यानं आधीच आणून ठेवली होती. मिस्त्री म्हणाले, “काहून घाई करून राहिले भाऊ? सतरा वर्षं थांबली ना ते? सतरा दिवस आखीन थांबन.” त्यांनी दादाला जी गोष्ट समजावली ती या सगळ्या प्रकरणाचा गाभा होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उभ्या गाडीच्या सिलिंडरवरचं तेल हळूहळू ओघळून खाली जातं. भिंत कोरडी पडते, तिच्यावर गंजाची पुसट साय धरते, आणि पिस्टनच्या रिंगा त्या सायीला चिकटतात. अशा वेळी स्टार्टर मारला तर तो जोरानं खेचतो आणि रिंगा त्या गंजानं सिलिंडर खरवडत सुटतात. सतरा वर्षांत न झालेलं नुकसान चार सेकंदांत होतं. या इंजिनाचं नावच ४८३ आहे: चार सिलिंडर, ८३ मिलिमीटर व्यास. स्ट्रोक ९० चा, म्हणून एकूण १९४८ सीसी. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा दाबून दाबून एवढी तापवायची की डिझेल आपसूक पेटलं पाहिजे. म्हणजे त्याचं सगळं अस्तित्व त्या रिंगांच्या घट्टपणावर. त्या खरवडल्या की दाब गेला, दाब गेला की इंजिन म्हणजे नुसता मळसूत्रांचा गठ्ठा.

म्हणून आधी चारही नोझल काढले आणि त्यांच्या भोकांतून इंजिन ऑईल आणि डिझेल निम्मं-निम्मं मिसळून आत सोडलं. मग काहीच करायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. क्रँकच्या पुलीवर लांब दांड्याचा पाना लावून मिस्त्री हळूच जोर द्यायचे, इंजिन हलायचं नाही, पाना काढायचे, चहा घ्यायचे, निघून जायचे. पाच दिवस हेच. दादाला ही मजुरी कशाची, असा प्रश्न पडला होता. सहाव्या दिवशी संध्याकाळी पाना वीतभर सरकला. आवाज असा काहीच नाही, नुसतं एक ‘हूं’ आणि पुली फिरली. मिस्त्रींनी तिला उलट फिरवली, पुन्हा सुलट, मग पूर्ण फेरा. नोझलच्या भोकांतून काळं, करडं काहीतरी पिचकारीसारखं बाहेर उडालं आणि माझा शर्ट कायमचा गेला. हे द्रव बाहेर निघणंही गरजेचं असतं, कारण ते आत राहिलं आणि नोझल बसवून इंजिन फिरवलं तर द्रव दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि टाकी. काकाजींनी अर्धी भरून ठेवलेली. रिकाम्या अर्ध्या भागातली हवा रोज रात्री गार होते, पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं, ते पाणी खाली बसतं. डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढतात. पाण्यात राहायचं, वरचं डिझेल खायचं. टाकी उतरवून पालथी केली तर जे बाहेर आलं ते तेल नव्हतं. भिजवलेल्या शेवाळासारखी काळी साय होती आणि वास असा की गोठ्यात पुन्हा जनावर मेल्यासारखा. ती टाकी तीनदा धुतली. डिझेलचे पाइप बदलले. पंप आणि नोझल काढून शहरात पंप-नोझलच्या दुकानात दिले. कारागीर एकेक नोझल हातपंपावर लावून फवारा पाहतो. धुक्यासारखा सुटला तर ठीक, थेंब टपकला तर सुई गेली.

पंपावरची पाटी मायकोची. बेंगळुरूची ही कंपनी बॉश घराण्यातलीच. २००८ मध्ये तिनं मायको हे नाव सोडून बॉश नाव लावलं. म्हणजे गाडी गोठ्यात गेली त्याच वर्षी तिच्या पंपाचं आडनाव बदललं. मिस्त्री अजून मायकोच म्हणतात. टेल्कोचं तर २००३ मध्येच टाटा मोटर्स झालं होतं, पण काकाजींच्या तोंडी आजही टेल्को.

याच टाटांचा एक कारखाना आता काकाजींच्या घरापासून फार दूर नाही. मिहानमध्ये बोइंग ७८७ या विमानाच्या फरशीखालच्या आडव्या तुळया बनतात, कार्बनच्या धाग्यांच्या. तो कारखाना टाल नावाच्या कंपनीचा होता, टाल म्हणजे टाटा मोटर्सचीच उपकंपनी, पुढं तो टाटांच्या विमान-संरक्षणाच्या कंपनीकडं गेला. पलीकडंच एअर इंडियाच्या विमानांच्या दुरुस्तीचं केंद्र, बोइंगनं बांधलेलं. थोडक्यात, ज्या शिवारात ढेपेची पोती वाहणारी गाडी झोपली, त्याच शिवारात तिच्या माहेरचे लोक विमानाच्या तुळया घडवायला लागले आणि तिला कुणी उठवलं नाही.

नागपूरला उभ्या राहिलेल्या वाहनांची सवय आहे, हेही सांगून टाकतो. १९९१ च्या पावसाळ्यात एका खाजगी कंपनीचं बोइंग ७२० जातीचं विमान इथल्या विमानतळावर उतरलं आणि पुन्हा उडालंच नाही. मालक न्यायला आले नाहीत. धावपट्टीजवळ ते चोवीस वर्षं उभं होतं, अडचण म्हणून शेवटी २०१५ मध्ये ओढून दूर सरकवलं. विमानाला पाना लावून वीतभर फिरवणारा कुणी मिळाला नाही. चार इंजिनांचं काम होतं, तेही खरं.

इंजिनाचे भाग मिळायला त्रास पडला नाही. फिल्टर, हीटर प्लग, वॉटर पंप, गॅस्केट, सगळं सुमोच्या नावानं दुकानात मिळतं. इस्टेटचं नाव काढलं की काउंटरवरचा पोरगा गोंधळतो, म्हणून मिस्त्रींनी आम्हाला ताकीदच दिली होती: “सुमो म्हना, नाईतर २०७ म्हना. इस्टेट म्हनसान तर प्लॉटचा भाव सांगन थो.” अडलं ते अंगावरच्या कातड्याचं. मागचे दिवे, दाराच्या कडेचं रबर, मागची वळलेली काच हे फक्त याच गाडीचं. ते दुसऱ्या कुठल्या गाडीला बसत नाही आणि म्हणून कुणी बनवत नाही. काळीज नवं मिळतं, पापणी मिळत नाही. एका दुकानदारानं आम्हाला ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं किट भलत्याच गाडीचं दिलं आणि परत घ्यायला नकार दिला. त्यात आठवडा गेला. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं आणि आतून सिलिंडर गंजवतं, म्हणून चारही चाकांचे सिलिंडर, होज आणि ऑईल बदलल्याशिवाय मिस्त्री इंजिन चालू करायलाच तयार नव्हते. चालू झालेली गाडी थांबवता आली पाहिजे, हा त्यांचा साधा हिशोब.

चालू झाली ती पोळ्याच्या दोन दिवस आधी. हातपंप मारून डिझेलच्या लाइनीतली हवा काढली, हीटर प्लग तापू दिले, दादानं किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसता पांढरा धूर, जळकट. दुसऱ्यांदा दोन सिलिंडर. तिसऱ्यांदा अख्खं आवार थरथरलं. सायलेन्सरमधून चिखलाच्या बुचाचे उरलेले तुकडे गोळीसारखे सुटून विहिरीच्या कठड्यावर आपटले. काकाजी खाटेवरून उठले नाहीत. त्यांनी फक्त कान वळवला आणि म्हणाले, “एक नोझल मिस मारून राह्यलं.” ते बरोबर होतं.

आणि मग आठवड्याभरात पंप गळायला लागला. दुकानात तपासून, नवे सील टाकून आणलेला पंप! दादा भांडायला निघाला. मिस्त्रींनी त्याला अडवलं आणि जे सांगितलं ते मला आजवर कुठल्या मोटारीवरच्या लेखात वाचायला मिळालं नव्हतं. दुकानदारानं टाकलेले सील जुन्या साठ्यातले, साध्या रबराचे होते. ही गाडी निघाली तेव्हा आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालायचं, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ते दहा भागांवर आलं. गंधक काढताना रिफायनरीत डिझेलमधले काही अ‍ॅरोमॅटिक घटकही कमी होतात. त्या घटकांनी जुनं रबर थोडं फुगायचं आणि म्हणूनच घट्ट बसायचं. नव्या स्वच्छ डिझेलमध्ये ते आकसतं. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा तिथंही हजारो जुने पंप असेच गळाले होते. त्यावर उपाय व्हायटॉन या खास रबराचे सील. ते टाकले, गळती थांबली. गाडी जुनी तशीच राहिली होती, तिचं खाणं बदललं होतं.

आता सरकारी कागद. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे ही २०११ मध्येच संपलेली. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली होती. आम्ही व्हायटॉनचे सील शोधत होतो त्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती दहा हजार झाली. वर पर्यावरण कर, उशिराचा दंड, आणि गाडी धडधाकट आहे हे सिद्ध करण्यासाठी तपासणी. २०२१ च्या नियमांनी पुराण्या गाड्यांना सन्मानाचा वेगळा वर्ग दिला, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची लागते. अगदी पहिली इस्टेटसुद्धा २०४२ पर्यंत त्या रांगेत उभी राहू शकत नाही. मोडीत काढायला ती केव्हाच म्हातारी झाली, जपायला अजून लहान आहे.

तर हे लिहीत असताना कागद रांगेत आहेत आणि कागद आल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेता येत नाही. रंग लावलेला नाही. काकाजींनी नको म्हटलं. मागचं दार वर उचलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्या मेल्या आहेत, इथं मिळत नाहीत, म्हणून दादानं वेळूची काठी कापून ठेवली आहे, एका टोकाला कापडाची गुंडाळी.

रोज संध्याकाळी साडेपाचला काकाजी चष्मा पुसून गाडीत बसतात. दादा शेजारी. मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्टिअरिंग सोडलं होतं, पण आवारात कोण अडवणार? पहिला गिअर. गोठ्यापासून विहिरीला वळसा घालून फाटकापर्यंत, अंतर फार तर साठ पावलं. फाटकापुढं रस्ता, रस्त्यापलीकडं आयटी कंपन्यांच्या बसा, पोरांची गळ्यात ओळखपत्रं, दूर खापरीच्या मेट्रो स्टेशनचं छप्पर. काकाजी तिथं गाडी थांबवतात, इंजिन बंद करत नाहीत. परवा मी मागं बसलो होतो, काचेला नाक लावून. त्यांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, “मांगं पोते हायेत का?”

“नाही काकाजी.”

“मंग हल्की वाटून राह्यली,” म्हणून त्यांनी रिव्हर्स टाकला.